पेटीत बंद झालेला हौशी रेडिओ

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

हौशी रेडिओची आठवण वृत्तपत्रांना बहुधा महापूर, भूकंप किंवा चक्रीवादळ आले की होते. मोबाइलचे मनोरे कोसळले, वीज गेली आणि अशा वेळी कोणी तरी मोटारीच्या बॅटरीवर संच लावून बाहेरच्या जगाशी संपर्क जुळवून दिला, अशी बातमी छापून येते. लोक कौतुक करतात आणि पुढच्या संकटापर्यंत विषय मिटतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र दोन संकटांच्या मधल्या काळात ही हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओचालक, काय करत असतात आणि त्यांच्यात सध्या कोणता वाद चालू आहे, हे सहसा बाहेर येत नाही. वाद आमच्यापुरता असला तरी त्यातला प्रश्न तुमच्या वाचकांना अनोळखी वाटणार नाही. आपण विकत घेतलेल्या यंत्राच्या आत काय चालते हे जाणून घ्यायची मुभा आपल्याला असावी की नाही, असा तो प्रश्न आहे. म्हणून हे काहीसे लांबलेले पत्र.

परीक्षा देऊन परवाना मिळवलेल्या लोकांनी, पैशाचा कोणताही हेतू न ठेवता, ठरवून दिलेल्या लहरींवर केलेले प्रक्षेपण म्हणजे हौशी रेडिओ. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत या सेवेची व्याख्या करताना तीन उद्देश सांगितले आहेत : स्वशिक्षण, परस्परांशी संपर्क आणि तांत्रिक शोधकार्य. क्रम पाहण्यासारखा आहे. गप्पा दुसऱ्या क्रमांकावर आहेत. व्यापारी कंपन्या ज्यांच्यावर डोळा ठेवून असतात असे लहरींचे पट्टे देशोदेशीच्या सरकारांनी या मूठभर लोकांसाठी राखून ठेवले, ते त्यांनी एकमेकांची खुशाली विचारावी एवढ्यासाठी खास नव्हे. त्यांनी शिकावे, यंत्रे उघडून बघावीत, बिघडवावीत, पुन्हा जुळवावीत, आणि त्यातून काही नवे हाती लागले तर ते इतरांना सांगावे, ही त्यामागची अपेक्षा होती.

ती अपेक्षा बरीच वर्षे सहज पुरी होत होती, कारण संचातले सगळे डोळ्यांना दिसत होते. मोर्सचा साधा प्रक्षेपक चार-पाच सुट्या भागांत उभा राहतो. व्हॉल्व्ह गेला तर दुसरा बसवता येतो आणि गुंडाळी जळली तर घरी वळता येते. आवाज पाठवण्याच्या एएम या जुन्या पद्धतीची जागा सिंगल साइडबँड ही नवी पद्धत घेऊ लागली तेव्हा जुन्या जाणत्यांनी तिला बदकाची क्वॅकक्वॅक म्हणून नाके मुरडली, पण त्या बदकाची रचना कोणी लपवून ठेवलेली नव्हती. ज्याला पटले त्याने आकृती उतरवून घेतली आणि डाग देत बसला. नव्या तंत्राला विरोध करणारे प्रत्येक पिढीत असतात, आणि मी स्वतः त्यांच्यातला नाही हे आधीच सांगून ठेवतो. नाही तर पुढचे सगळे एका म्हाताऱ्याची कुरकुर म्हणून वाचले जाईल.

आवाज डिजिटल करून पाठवण्याची सोय हौशी लोकांच्या हाती आली ती या शतकाच्या सुरुवातीला. जपानच्या हौशी रेडिओ संघाने घडवलेले डी-स्टार हे तंत्र २००१ साली प्रसिद्ध झाले. व्यावसायिक वापरासाठी युरोपीय दूरसंचार प्रमाण संस्थेने २००५ मध्ये डीएमआरचे प्रमाण जाहीर केले, आणि ते संच स्वस्त झाल्यावर हौशी लोकांनीही उचलले. २०१३ च्या सुमारास आणखी एका मोठ्या उत्पादकाने सिस्टिम फ्यूजन नावाची स्वतःची तिसरी पद्धत आणली. तिन्हींमध्ये सोयी खऱ्या आहेत. आवाजात खरखर नसते, बोलणाऱ्याचे कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेले ओळखनाव, पडद्यावर उमटते, आणि डीएमआरमध्ये तर साडेबारा किलोहर्ट्‌झच्या एकाच वाहिनीवर वेळेचे दोन तुकडे पाडून दोन संभाषणे एकदम चालतात. इंटरनेटने जोडलेल्या रिपीटरमुळे (आलेला संदेश पुन्हा दूरवर प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रामुळे) हातात मावणाऱ्या संचावरून दुसऱ्या खंडातल्या माणसाशी बोलता येते. या सोयींपायी मीही यातले दोन संच घेतले आणि वापरले.

अडचण आवाजाचे आकडे करणाऱ्या भागात आहे. बोललेला आवाज जसाच्या तसा डिजिटल केला तर सेकंदाला चौसष्ट हजार बिट लागतात, तेही साध्या टेलिफोनच्या दर्जासाठी. एवढे बिट एका अरुंद वाहिनीत मावत नाहीत, म्हणून आवाज पिळून त्याचा अर्क काढावा लागतो. हे काम करणाऱ्या रीतीला कोडेक म्हणतात. वर सांगितलेल्या तिन्ही पद्धतींत हे काम एकाच अमेरिकी कंपनीच्या एएमबीई कुळातल्या कोडेककडे आहे. डी-स्टारमध्ये त्याची जुनी आवृत्ती आहे, बाकी दोहोंत पुढची. गंमत म्हणजे डी-स्टारची बाकीची रचना प्रसिद्ध आहे, डीएमआरचे प्रमाणही कोणालाही वाचता येते. पण त्या प्रमाणात कोडेक कोणता हे लिहिलेलेच नाही. ती जागा मोकळी सोडली आहे आणि उत्पादकांनी आपसांतल्या समजुतीने ती एकाच मालकाच्या मालाने भरली आहे. घराची सारी आकृती हाती द्यावी आणि देवघराच्या दाराला मात्र कुलूप लावून किल्ली दुसऱ्याने खिशात ठेवावी, तसा हा प्रकार.

हे मला ज्या दिवशी खऱ्या अर्थाने खुपले तो दिवस आठवतो. नुकतीच परवाना परीक्षा उत्तीर्ण झालेली एक विद्यार्थिनी आमच्या क्लबमध्ये येत असे. एका रविवारी टेबलावर मी माझा डी-स्टार संच उघडून ठेवला होता आणि शेजारी त्याची सर्किटची मोठी आकृती पसरली होती. अँटेनाच्या टोकापासून सुरुवात करून मी तिला एकेक टप्पा समजावत होतो : हा गाळणी करणारा भाग, हा मिश्रक, इथे कंप्रता खाली येते, इथे संदेशाचे बिट सुटे होतात. ती वहीत लिहून घेत होती. शेवटी बोट एका चौकोनावर येऊन थांबले. चौकोनात एका चिपचा क्रमांक होता. एका बाजूने बिट आत जात होते, दुसऱ्या बाजूने आवाज बाहेर येत होता. तिने विचारले, ‘वीस मिलिसेकंदांचा आवाज अठ्ठेचाळीस बिटमध्ये बसतो म्हणता, तर त्यातले कोणते बिट कशाचे?’ प्रश्न नेमका होता आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते. ‘ते या चिपमध्ये होते,’ एवढेच मी म्हणू शकलो. तिने वहीत तसाच एक रिकामा चौकोन काढला. तीस वर्षे लोकांना रेडिओ शिकवतो म्हणून मिरवणाऱ्या माणसाला त्या चौकोनाची लाज वाटली, हे कबूल करायला हरकत नाही.

येथे कायद्याचा मुद्दा काढणारे मित्र मला भेटतात, म्हणून तेवढे स्पष्ट करतो. वेगवेगळ्या देशांतल्या हौशी केंद्रांमधील संदेश अर्थ लपवण्याच्या हेतूने सांकेतिक करू नयेत, असे आंतरराष्ट्रीय नियमावलीचे २५ वे कलम सांगते. उपग्रहांना दिल्या जाणाऱ्या आज्ञांचा तेवढा अपवाद आहे. मालकीचा कोडेक वापरणाऱ्याचा हेतू अर्थ लपवण्याचा नसतो, आणि ज्याला ऐकायचे आहे तो तीच चिप विकत घेऊन ऐकू शकतो; त्यामुळे हे तंत्र बेकायदा आहे असे मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या हौशी रेडिओ नियमांत मात्र एक शहाणी अट आहे : नवी डिजिटल संकेतपद्धती वापरायची असेल तर तिची तांत्रिक वैशिष्ट्ये जाहीरपणे प्रसिद्ध झालेली असली पाहिजेत. या अटीचा अर्थ किती ताणायचा यावर खल चालतो आणि पुढेही चालेल. मला त्या अटीतले तत्त्व महत्त्वाचे वाटते. हौशी लहरींवरचा कोणताही संदेश कोणत्याही तिऱ्हाइताला, स्वतः तयार केलेल्या साधनाने, वाचता आला पाहिजे. चोरून ऐकणे हा शब्दच आमच्याकडे नाही. सगळे उघड्यावर बोलायचे असते.

बंद तंत्राचा त्रास तत्त्वापुरताच असता तर एक वेळ चालले असते. आमच्या क्लबने काही वर्षांपूर्वी रिपीटर डिजिटल करायचे ठरवले. वर्षभरात सभासदांकडे तीन प्रकारचे संच झाले आणि एकाच टेबलाभोवती चहा पिणारी माणसे रेडिओवर एकमेकांना मुकी झाली. त्यावर तोडगा म्हणून एका सभासदाने एक संगणक उभा केला, जो एका पद्धतीतला आवाज उलगडून दुसऱ्या पद्धतीत पुन्हा बांधून देई. पण डी-स्टारचा कोडेक आणि डीएमआरचा कोडेक यांची भाषा वेगळी, म्हणून त्या संगणकाला मूळ मालकाच्या चिपा असलेले एक छोटे कार्ड लावावे लागले. एका पावसाळ्यात विजेच्या धक्क्याने ते कार्ड गेले. बदली कार्ड मिळवायला पाच महिने लागले, आणि त्या पाच महिन्यांत क्लबमधले दोन इलेक्ट्रॉनिक्स अभियंते आणि एक सेवानिवृत्त तारमास्तर हात बांधून बसले होते. रिपीटरमधले बाकी काहीही बिघडले असते तर यांनी रात्रीतून दुरुस्त केले असते.

आता दुसरी बाजू. हे कुलूप उघडायचा विचार अनेकांच्या मनात होता. मुक्त सॉफ्टवेअरचे जुने कार्यकर्ते आणि स्वतः हॅम असलेले ब्रूस पेरेन्स यांनी हौशी रेडिओला खुला कोडेक हवा असा आग्रह धरला; ऑस्ट्रेलियातले डेव्हिड रोव यांनी ते काम अंगावर घेतले. रोव यांनी १९९० च्या दशकात आवाजाच्या संकेतनावरच डॉक्टरेटसाठी संशोधन केले होते. त्या जुन्या ज्ञानावरची धूळ झटकून त्यांनी कोडेक-२ लिहायला घेतला आणि सगळी प्रणाली खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध केली. सेकंदाला ३२०० बिटपासून ७०० बिटपर्यंत त्याच्या निरनिराळ्या पायऱ्या आहेत.

त्याच विद्यार्थिनीला घेऊन पुढे मी पुन्हा बसलो, ते या कोडेकची प्रणाली संगणकाच्या पडद्यावर उघडून. माणसाचा स्वर म्हणजे एका मूळ कंप्रतेच्या पटींमध्ये असलेल्या अनेक लहरींची बेरीज, या जुन्या कल्पनेवर तो आधारलेला आहे. दर वीस मिलिसेकंदांच्या आवाजातून तो मूळ कंप्रता किती, एकूण जोर किती, कंठातून आलेला स्वर आहे की ‘स’, ‘श’ सारखा नुसता वाऱ्याचा आवाज आहे, आणि तोंडाच्या पोकळीने त्याला कसा आकार दिला, एवढेच टिपतो. ३२०० च्या पायरीवर या सगळ्यासाठी चौसष्ट बिट मिळतात आणि त्यांतला प्रत्येक बिट कोणत्या कामाचा हे एका ओळीवर बोट ठेवून दाखवता येते. तिने आधी माझ्या आवाजाचे एक वाक्य त्यातून काढून ऐकले. जरा नाकात बोलल्यासारखे, पण स्वच्छ. मग माझी परवानगी न विचारता तिने मूळ कंप्रतेच्या जागी एक ठरीव आकडा भरला आणि पुन्हा चालवले. माझे तेच वाक्य एकसुरी, चढउतार नसलेल्या आवाजात, गिरणीच्या भोंग्याने वाचल्यासारखे आले. नंतर तिने कंठस्वराची खूण सगळीकडे काढून टाकली, तेव्हा मी कानात कुजबुजू लागलो. पाठ्यपुस्तकातली चाळीस पाने जे सांगत नाहीत ते त्या अर्ध्या तासात झाले. बंद चिपशी हा खेळ करता येत नाही.

कोडेक-२ लघुलहरींवर वापरण्यासाठी फ्रीडीव्ही ही मोफत प्रणाली २०१२ पासून उपलब्ध आहे. संगणक आणि साधा साइडबँड संच असला की पुरे. संगणक नको असेल तर माइक आणि संच यांच्यामध्ये जोडायची छोटी पेटीही त्यासाठी बनवली गेली. मी ती पहिल्यांदा एका मित्राबरोबर चाळीस मीटर पट्ट्यावर वापरली तेव्हा संध्याकाळ होती आणि दूरवर कुठे तरी विजा कडाडत होत्या. साइडबँडवर त्याचे निम्मे शब्द तडतडीत जात होते. दोघांनी फ्रीडीव्हीतल्या ‘७००-डी’ या पायरीवर जायचे ठरवले. साध्या रेडिओ संचावर आता फक्त एक कर्कश गुणगुण ऐकू येत होती, पण हेडफोनमध्ये क्षणभर पूर्ण शांतता पसरली आणि त्या शांततेतून त्याचा आवाज आला. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलावे तसा होता खरा; तडतड मात्र एकही नाही. वाहिनीची रुंदी जेमतेम एक किलोहर्ट्‌झ, म्हणजे साइडबँडच्या निम्म्याहून कमी. दहा मिनिटांनी लहरी खालावल्या तेव्हा आवाज तुकड्यातुकड्यांनी आला आणि एकदम गेला. त्याच क्षणी साइडबँडवर परत गेल्यावर अर्धे-अर्धे शब्द जोडून मला त्याचा निरोप कळला. डिजिटल तंत्राचा हा कडा खरा आहे, खुले असो वा बंद, आणि त्याबद्दल खोटे बोलून कोणाला आपल्या बाजूला वळवू नये. २०२४ मध्ये याच प्रकल्पाने यंत्रशिक्षणावर आधारलेली ‘रेड’ नावाची नवी रीत पुढे आणली. तीत कोडेक आणि (बिट लहरींवर चढवणारा) मोडेम असे वेगळे टप्पे न ठेवता, आवाजाची वैशिष्ट्ये थेट प्रक्षेपणाच्या संकेतांत उतरवायला संगणकातल्या न्यूरल नेटवर्कला शिकवले आहे, आणि तिचा आवाज माझ्या कानांना साइडबँडहून भरदार लागतो. एवढी मोठी उडी दहा-बारा वर्षांत घेता आली, कारण आधीच्या प्रत्येक पायरीचे लेखन कोणालाही पडताळता येत होते.

अतिलघुलहरींवर, म्हणजे हातसंच आणि रिपीटर यांच्या जगात, त्याच जागी एम-१७ ही खुली डिजिटल पद्धत आहे. पोलंडमधल्या वॉइचेख काचमार्स्की यांनी २०१९ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. वॉर्सातल्या एका रस्त्याचे नाव आणि तिथल्या घराचा क्रमांक यांवरून हे नाव पडले. सेकंदाला ९६०० बिट, आवाजासाठी कोडेक-२, आणि सारे प्रमाण प्रसिद्ध. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. डीएमआरमध्ये वापरणाऱ्याला एका नोंदवहीतून क्रमांक मागून घ्यावा लागतो, कारण ती पद्धत मुळात कंपन्यांच्या ताफ्यांसाठी बनली. एम-१७ मध्ये प्रत्येक संदेशाबरोबर कॉलसाइनच जाते : अक्षरे, अंक आणि तीन-चार चिन्हे मिळून चाळीस खुणांची वर्णमाला धरून नऊ खुणांचे नाव अठ्ठेचाळीस बिटमध्ये बसवले आहे. कॉलसाइन सांगणे हा आमचा पहिला नियम. तो जाणणाऱ्या माणसानेच ही रचना केली हे त्यातून दिसते.

यावर ‘हे हौसेने केलेले तंत्र टिकेल कशावरून?’ असे विचारले जाते. आमच्या इतिहासात याचे उत्तर अनेकदा मिळाले आहे. १९८० च्या दशकात संगणकाचे संदेश रेडिओवरून पुड्या बांधून पाठवण्याचे पॅकेट तंत्र आले, तेव्हा अमेरिकेतल्या एका हौशी गटाने संगणक आणि रेडिओ यांना जोडणाऱ्या आपल्या टीएनसी-२ या उपकरणाची रचना इतरांना मोकळी केली. अनेक उत्पादकांनी तिच्या आवृत्त्या काढल्या आणि त्या सर्व एकमेकींशी बोलत होत्या. आज वाहनांचे ठिकाण आणि हवामानाचे आकडे पाठवणारी एपीआरएस पद्धत त्याच पायावर उभी आहे, आणि त्या टीएनसीचे काम आता साध्या संगणकातली मोफत प्रणाली करते. इंग्लंडमधल्या पीटर मार्टिनेझ यांनी १९९८ मध्ये टंकलेला मजकूर पाठवण्याची पीएसके-३१ ही पद्धत प्रसिद्ध केली. संगणकाच्या साउंडकार्डाखेरीज काही लागत नसल्यामुळे ती वर्षभरात सर्वत्र पोहोचली. आणि एफटी-८ या पद्धतीचे काय? पदार्थविज्ञानाचे १९९३ चे नोबेल मिळालेले जो टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये ती आणली. पंधरा सेकंदांच्या पाळ्या, पन्नास हर्ट्‌झची रुंदी, आणि कानाला अजिबात ऐकू न येणारा, गोंगाटात बुडालेला संदेश उलगडण्याची क्षमता. सगळी प्रणाली खुली. तिच्यात गप्पा मारता येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांपैकी एकाने तिच्याच पायावर टंकलेल्या गप्पांची जेएस-८ ही पद्धत उभी केली. तक्रार करणाऱ्याच्या हाती हत्यार असले की असे होते. याउलट लघुलहरींवरून ईमेल पाठवण्याच्या क्षेत्रात पॅक्टर या पद्धतीची पहिली आवृत्ती खुली होती, पुढच्या आवृत्त्या एका उत्पादकाच्या मोडेमपुरत्या राहिल्या, आणि संकटकाळात ज्यावर भिस्त ठेवायची ती यंत्रणा बऱ्याच क्लबांच्या आवाक्याबाहेर गेली.

आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यांतले दोन वजनदार आहेत. पहिला दर्जाचा. शेजारी ठेवून ऐकल्यास कोडेक-२ चा आवाज एएमबीईच्या नव्या आवृत्तीपेक्षा काहीसा रुक्ष वाटतो, विशेषतः उंच पट्टीच्या आवाजात. मला तो चालतो, पण ज्यांना चालत नाही त्यांचे कान खोटे नाहीत. दुसरा आक्षेप अधिक खरा : बोलायला समोर कोणी नाही. तयार हातसंच थोडे आहेत. कारखान्यातून निघालेला एम-१७ संच आता मिळतो आणि काही स्वस्त डीएमआर संचांत खुले फर्मवेअर (संच चालवणारी आतली प्रणाली) भरता येते. पण त्यांतल्या काहींना उघडून बारीक डाग द्यावे लागतात, आणि भिंगाखाली तांदळाच्या कणीएवढ्या भागाला तार जोडणे प्रत्येकाला जमत नाही. मीही एक संच त्यात कायमचा गमावला आहे. ‘आणखी एक पद्धत आणून तुम्ही फाटाफूट वाढवता,’ हे म्हणणेही सोडून देण्यासारखे नाही. त्यावर एवढेच म्हणेन की, आजची फाटाफूट उत्पादकांच्या सोयीने झाली आहे आणि ती मिटवायची वेळ आली तर जिच्यात कोणालाही शिरता येते अशीच भाषा सामाईक होऊ शकेल.

याचा अर्थ आपापले संच भंगारात टाका असा नाही. अॅनालॉग एफएम तर मुळीच काढू नये. संकटाच्या वेळी कोणाच्याही हातातला जुनापाना संच चालावा हीच खरी सामाईक भाषा आहे, आणि जे क्लब हौसेपोटी रिपीटर पूर्ण डिजिटल करतात ते चूक करतात असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु नवी खरेदी करताना काही प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. या पद्धतीचे संपूर्ण वर्णन, आवाजाच्या भागासह, मला वाचता येईल का? यातली एखादी चिप बाजारातून गेली तर तिचे काम दुसऱ्या कशाने होईल का? रिपीटरच्या बाबतीत तर निवड सोपी आहे, कारण एकाच पद्धतीतले संदेश पुढे पाठवताना रिपीटरला आवाज उलगडावाच लागत नाही. तो आलेले बिट तपासून पुढे ढकलतो. म्हणून अनेक पद्धती हाताळणारे खुल्या रचनेचे नियंत्रक बसवले की जुने सभासद तुटत नाहीत आणि नव्या तंत्राला दार उघडे राहते. उत्पादकांनी आपले कोडेक लगेच सोडून द्यावेत अशी अपेक्षा भाबडी ठरेल. पण नव्या संचांत वापरणाऱ्याला दुसरा कोडेक भरता येईल एवढी जागा ठेवणे त्यांना अवघड नाही. आजचे संच म्हणजे अँटेना लावलेले संगणकच आहेत. परवाने देणाऱ्या यंत्रणांनीही परीक्षेच्या अभ्यासक्रमात मोर्स आणि व्हॉल्व्ह यांच्या बरोबरीने एखादा खुला कोडेक घालावा. त्याची प्रणाली फुकट मिळते, त्यामुळे निधीचा बहाणा येथे चालणार नाही.

आमच्या क्लबचा रिपीटर आता बदलायला झाला आहे. पुढच्या सभेसाठी मी एक ठराव दिला आहे : अॅनालॉग एफएम कायम ठेवावे, नियंत्रक खुल्या रचनेचा घ्यावा, आणि डिजिटल आवाजासाठी निदान सहा महिने एम-१७ चालवून पाहावे. ठरावाला अनुमोदन त्या विद्यार्थिनीचे आहे. तिने स्वतः दुरुस्त केलेले दोन हातसंच ती सभेत फिरवणार आहे. एकवीस सभासदांपैकी आजमितीस आठ जण अनुकूल आहेत. तारमास्तरांनी अजून शब्द दिलेला नाही. संच आधी उघडून बघतो, मग सांगतो, असे ते म्हणाले.

आपला नम्र,
एक परवानाधारक हौशी रेडिओचालक